दोन फळ्यांमधली फट

थळ, १८ एप्रिल २०२४

धन्या,

आशीर्वाद लिहितोय. घ्यायचा की नाही ते तुझं तू बघ.

पत्र बघून हसशील. घरात दोन-दोन मोबाइल असताना दादा कागद कसला खरडतोय, म्हणशील. पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू "हां, बोल" म्हणतोस, माझा आवाज चढतो, तू फोन ठेवतोस आणि मग तुझी वहिनी दोन दिवस माझ्यापुढे ताट आपटते. कागदावर आवाज चढत नाही, म्हणून कागद. कैसभाईचा मोहम्मद ईदला आला होता, तो शनिवारी परत अजमानला निघालाय. तू आणि तो एकाच खोलीत राहता हेही मला त्याच्याकडून कळलं, तुझ्याकडून नाही. पत्र आज रेवदंड्याला कैसभाईच्या वखारीत नेऊन देतो. सोबत रंगूने सुके बोंबील दिलेत. तीन पिशव्यांत बांधलेत, तरी विमानात वास सुटला तर मोहम्मदला सांग, वहिनीला शिव्या दे, मला नको.

आता काम सांगतो. किहीमच्या वाटेवर दीपेशशेठ म्हणून मुलुंडचा एक गुजराती माणूस बंगला बांधतोय. माणूस भला आहे, फक्त बोलतो फार. समुद्राच्या अंगाला त्याला डेक पाहिजे. मी म्हटलं, डेक पाहिजे पण होडी कुठाय? तर म्हणे होडीचा नाही, घराचा. जमिनीपासून गुडघाभर उंच फळ्यांचा ओटा करायचा, त्यावर खुर्च्या टाकायच्या आणि त्याची म्हातारी आई तिथे बसून सकाळचा चहा घेणार. सगळे तिला बा म्हणतात. मीही बा म्हणतो.

शेठने माझ्यासमोर दोन तुकडे ठेवले. एक सागाचा. दुसरा ती नवीन फळी, भुसा आणि प्लास्टिक एकत्र कालवून दाबलेली. वरून लाकडाच्या रेषासुद्धा छापल्यात, जशी काय ती कुठल्या रानात वाढली होती. कुजत नाही, वाळवी लागत नाही, तेलपाणी नको, असं शेठ कागदातून वाचून दाखवत होता. मग कागद खाली ठेवून म्हणाला, "बाळाजीभाई, तुम्ही होडीवाले. खाऱ्या हवेत काय टिकतं ते तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते घालू."

कितीतरी दिवसांनी मला कुणी असं विचारलं, धन्या. लाकडी होडीचं नवीन काम गेल्या दिवाळीपासून एकही नाही. नुसती डागडुजी, तीही जुन्या लोकांची.

मी काय केलं, दोन्ही तुकडे भर दुपारी अंगणात मांडले आणि चपला काढून आधी सागावर उभा राहिलो, मग त्या भुशाच्या फळीवर. दुसऱ्यावरून टुणकन उडी मारली. पाय भाजला नव्हता एवढा, थोडं नाटकही केलं. बा पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "मने तो लाकडंच पाहिजे." झालं, साग ठरला. कैसभाईने वखारीतला जुना, चांगला सुकलेला माल माझ्यासाठी बाजूला काढून ठेवलाय.

आता तुला विचारतोय असं समजू नकोस. पण तुमच्या त्या उन्हात असले ओटे पुष्कळ असतील. तू बघितले असशील. तुला काही सांगावंसं वाटलं तर मोहम्मदच्या फोनवरून निरोप पाठव. रंगूला पाठव, मला नको.

तू फायबरच्या होड्या ओतायला लागलास तेव्हा मच्छीबाजारात सगळ्यांसमोर मी तुला "बादल्या करणारा" म्हटलं. ते तुला अजून सलतंय हे मला माहीत आहे. त्यावर आज काही लिहीत नाही.

बाळाजी


थळ, २९ मे

धन्या,

तुझा निरोप रंगूने मला तीनदा वाजवून दाखवला. पहिल्यांदा मी जेवत होतो, दुसऱ्यांदा रंधा मारत होतो, तिसऱ्यांदा झोपलो होतो तर कानाशी आणून लावला. "दादाला सांग, लाकूड घाल नाहीतर प्लास्टिक घाल, पण दोन फळ्यांमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट ठेव." आवाज जाड झालाय तुझा. तिकडे थंड पाणी फार पितोस वाटतं.

ज्याच्या बापाने आणि आज्याने जन्मभर फटी बुजवल्या त्याला तू फटी ठेवायला सांगतोस. असो. काय करायचं ते मी केलं.

डेक झाला. बघायला पाहिजे होतास. एक फळी कुठे वर नाही, एक खाली नाही. हात फिरवला तर जोड कुठे आहे ते बोटाला कळणार नाही. कैसभाई स्वतः बघायला आला होता, वहाणा खाली काढून वर चढला. म्हणाला, "बाळाजीभाऊ, यावर नमाज पढता येईल." त्याच्या घरून जहुराभाभीने शिरखुर्म्याचा डबा पाठवला होता, तो आम्ही दोघांनी तिथेच बसून संपवला.

आपल्या आळीची रीत तुझ्या लक्षात असेल. नवी होडी पाण्यात ढकलताना पहिला सुतार आत बसतो, मग मालक. गळली तर आधी सुतार भिजला पाहिजे. मी शेठला ते सांगितलं तर त्याला फार आवडलं. रंगूने नारळ फोडला, बाने फळीला कुंकू लावलं आणि मी मधोमध मांडी घालून बसलो. शेठने फोटो काढले. मग मी माळ्याला म्हटलं, बादलीभर पाणी आण. सगळ्यांसमोर ओतलं. थेंब खाली गेला नाही. शेजारच्या बंगल्यांतले दोघं बघायला आले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनाही असाच डेक हवाय. पावसाळा संपला की एकाचं काम धरायचं ठरलंय.

तर मग सांग तुझ्या त्या फायबरच्या कंपनीत, माझा दादा अजून कामाचा आहे म्हणून.

बोंबील पोचले का, ते कळवलं नाहीस. कळवायला पाहिजे होतंस.

बाळाजी


थळ, १४ जुलै

चि. धनेश यास,

आम्ही सर्व खुशाल आहोत. पाऊस बरा आहे. बंदी असल्यामुळे होड्या वर ओढल्यात, बाजारात मासळी नाही, खाडीची कोलंबी तेवढी मिळते आणि तीही नखाएवढी. रंगूचा गुडघा दुखतो.

लिहायचं कारण असं की शेठचा डेक थोडा फुगला. लाकूड ओलं निघालं. तू सांगितलीस तशी फट ठेवली होती, तरी फुगला, यावरून तुला कळेलच. कैसभाईची वखार आता पूर्वीसारखी राहिली नाही. हल्ली माल कुठून कुठून येतो, कोण बघतो. वय झालं की माणसाचं लक्ष राहत नाही.

बाचा जरा पाय अडखळला. बरी आहे.

तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. कागद दमट झालाय, शाई पसरते. थांबतो.

बाळाजी


थळ, ११ ऑगस्ट

धन्या,

हे पत्र पोस्टाने टाकणार आहे. उद्या अलिबागला जाऊन टाकीन. कैसभाईच्या हातात द्यायला मला तोंड नाही.

तू फोन केलास. रंगूने तो माझ्या कानाला लावला आणि तू "दादा" म्हणालास. किती वर्षांनी म्हणालास ते तूही मोजलं नसशील. "दादा, तुझा हात चुकणार नाही. लाकूडच नासकं असणार. तू मनाला लावून घेऊ नकोस." मी नुसतं "हं" म्हटलं. तू विचारलंस, जेवलास का. मी म्हटलं, जेवलो. मग तू वहिनीच्या गुडघ्याचं विचारलंस, पत्र्यावर ताडपत्री घातली का विचारलंस, आणि फोन ठेवताना म्हणालास, दिवाळीला यायचं बघतो. फोन ठेवून मी मागच्या पडवीत गेलो आणि लहान पोरासारखा रडलो. रंगू आली, उभी राहिली, पाठीवर हात ठेवला नाही. तिला ठाऊक होतं मी कशाला रडतोय.

तू ज्या हाताची बाजू घेतलीस तो हातच चुकला. लाकूड नासकं नव्हतं. ओलंही नव्हतं. कैसभाईने दिलेला साग खणखणीत सुका होता, इतका सुका की पटाशी मारताना ठणठण वाजायचा. फट मी ठेवली नाही.

तुझा निरोप मी ऐकला होता, धन्या. तीनही वेळा नीट ऐकला होता. पण तो तुझा होता म्हणून ऐकायचा नव्हता. मी काय केलं, होडी बांधतात तसा डेक बांधला. फळीला फळी चिकटवून ठोकली. रंगू चार दिवस अंगणात कापूस वळत बसली होती, तो सगळ्या सांध्यांत ठासला आणि वरून राळ ओतली. म्हणून तर बादलीचं पाणी खाली गेलं नाही. ते मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं. पेन्सिलीएवढी फट असती तर पाणी खाली गेलं नसतं का? तू ते वाचून ओळखशील अशी मला धास्ती होती. तू ओळखलं नाहीस, कारण भाऊ खोटं लिहील असं तुला वाटलं नाही.

होडीच्या सुक्या फळ्या पाण्यात फुगतात आणि एकमेकींना आवळतात. तिचं पोट गोल असतं, ते सोसतं. सपाट ओट्याला पोट नाही. महिनाभर पाऊस पडला, प्रत्येक फळी नखभर वाढली आणि सगळ्यांचं मिळून जे वाढलं त्याला जायला जागा नाही. मधल्या फळ्या खिळ्यांसकट उपटून गाईच्या पाठीसारख्या वर आल्या. वर पाणी साचलं ते वेगळंच. बा सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर आली, तिचं बोट अडकलं आणि ती पडली. मी लिहिलं होतं, पाय अडखळला. खुब्याचं हाड मोडलं. मुंबईला नेऊन ऑपरेशन केलं.

शेठने मला बोलावलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं, "बाळाजीभाई, हे कसं झालं?" भोवती माळी होता, ड्रायव्हर होता आणि ते शेजारचे दोघं होते, ज्यांना असाच डेक हवा होता. मला बघताक्षणी कळलं होतं कसं झालं ते. एक क्षणही लागला नाही. आणि माझ्या तोंडातून निघालं, "माल ओला निघाला, शेठ."

"कुणाचा माल?"

"रेवदंड्याच्या वखारीचा."

नाव मी घेतलं नाही. हे मी कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं, की नाव घेतलं नाही. शेठला माल कुठून आला ते ठाऊक होतं, त्याला नावाची काय गरज.

तुला ते तिसरं पत्र लिहिलं आणि पाकीट घेऊन मी वखारीत गेलो. कैसभाईला अजून काही कळलं नव्हतं. त्याने पाकीट घेतलं, भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, वर रबर लावलं आणि म्हणाला, "परवा आमच्या आतिफाचा दीर चाललाय, त्याच्याकडे देतो. काळजी करू नको." मग चहा मागवला. मी प्यायलो, धन्या. त्याच्या बदनामीचा कागद त्याच्याच हातात देऊन त्याचाच चहा प्यायलो.

दोन दिवसांनी शेठ वखारीत जाऊन बोलून आला. त्याच संध्याकाळी कैसभाई स्कूटरवरून इथे आला. रेनकोट ओट्यावर निथळत ठेवला. मला वाटलं, आता भांडेल. मी भांडायची तयारी करून बसलो होतो, काय काय बोलायचं ते जुळवून ठेवलं होतं. तो म्हणाला, "बाळाजीभाऊ, मी दोन वर्षं सुकवलेला माल दिला होता, असं मला वाटत होतं. पण लाकडात तुझा हात जातो, माझा नाही. तू सांग. ओला होता का? तू सांगशील ते मी मान्य करीन."

दारात रंगू उभी होती.

मी म्हटलं, "वरच्या फळ्या जरा ओल्या होत्या."

तो म्हणाला, "या अल्ला, म्हातारीचं हाड माझ्यामुळे मोडलं." उठला, रेनकोट घातला आणि गेला. त्याने मला एक शब्द उलट विचारला नाही. दुसऱ्या दिवशी मुंबईला इस्पितळात जाऊन तो बापुढे हात जोडून उभा राहिला. आणि वखारीत त्या थप्पीतला राहिलेला सगळा माल त्याने वेगळा काढला, त्यावर खडूने "विकायचा नाही" असं लिहून ठेवलंय. मी रस्त्यावरून जाताना बघितलं. मोठ्या अक्षरांत लिहिलंय. गिऱ्हाईक आलं की स्वतःहून सांगतो, बघून घ्या, माझ्याकडून एकदा चूक झाली आहे.

रंगू माझ्याशी बोलत नाही. वाढते, पण बोलत नाही. एकदाच बोलली. "तुमी फट बुजवली त्याचा मला राग न्हाय. कापूस मीच वळून दिला, मलाही कुठं कळत होतं. पण तो मानूस तुमच्या शब्दावर स्वतःला चोर समजून बसलाय. कनाला बोललाव असं?" कशाला बोललो, याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण ते तिला देता येण्यासारखं नाही. सुतार म्हणून नाव राहावं म्हणून पहिल्यांदा बोललो. आणि दुसऱ्यांदा बोललो तोपर्यंत पहिलं बोलून झालं होतं.

आणि आता तुझा फोन. तू दिवाळीला येणार. मोहम्मदला तू म्हणालास म्हणे, "तुझ्या बापाने माझ्या दादाला तोंडघशी पाडलं." एका खोलीत राहून तुम्ही दोघं बोलत नाही. जहुराभाभीनेच हे रंगूला सांगितलं, आणि वर म्हणाली, धनेशचं बरोबर आहे, भावाची बाजू भावाने घ्यायची नाही तर कुणी घ्यायची.

मला भीती वाटते, धन्या. खरं सांगितलं की कैसभाई जाईल, ते मला समजतं. पण तू परत आलास तो याच खोट्यावर आलास. ते काढून घेतलं तर तू कशाला येशील? जन्मात एकदा तुझं ऐकलं असतं तर हे झालं नसतं, आणि नेमकं तुझंच मी ऐकलं नाही. हे वाचून तू पुन्हा "हां, बोल" वर जाशील.

तरी लिहिलं. उद्या टाकतो.

दादा


थळ, २३ ऑगस्ट

धन्या,

मागचं पत्र मी टाकलं नाही. अलिबागच्या पोस्टापर्यंत नेलं, पेटीपाशी उभा राहिलो आणि परत घेऊन आलो. छत्री तिथेच विसरलो. आता दोन्ही कागद एकाच पाकिटात घालतोय. आधी ते वाच, मग हे.

नारळी पौर्णिमेला आळीतले सगळे दर्यावर गेले. मी गेलो नाही. दर्याला नारळ द्यायला कुठल्या हाताने जाणार. घरात बसून होतो. रंगू पूजा करून आली, नारळीभाताचं ताट माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतः जेवायला बसली नाही. मी म्हटलं, जेव. ती म्हणाली, "तुमी जाऊन या, मंग जेवू." सणाच्या दिवशी बाई उपाशी बसली. मी उठलो.

वखारीत करवत चालू होती. दोन गिऱ्हाईकं उभी होती. मी ठरवलं होतं की कैसभाईला बाजूला घेऊन सांगायचं. पण बाजूला घेतलं असतं तर मी पुन्हा अर्धंच सांगितलं असतं. म्हणून तिथेच म्हटलं, "कैसभाई, माल सुका होता. चूक माझी आहे." करवतीच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. त्याने मशीन बंद केलं आणि म्हणाला, "काय म्हणालास?" तेच मला शांततेत पुन्हा सांगावं लागलं, त्या दोन गिऱ्हाईकांसमोर. धनेशने फट ठेवायला सांगितली होती, तेही सांगितलं.

त्याने रुमालाने हातावरचा भुसा पुसला. "चल" म्हणाला. त्याच्या स्कूटरवर मागे बसून मी किहीमच्या वाटेपर्यंत गेलो. आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. चौलच्या चढाला तो काढून घेतला आणि मागच्या कडीला धरलं.

शेठ होता. बासुद्धा मुंबईहून आली होती, चारपायी काठी धरून खिडकीशी बसली होती. डेक तसाच होता, मधोमध उचललेला, शेवाळलेला. मी सगळं सांगितलं. कापूस, राळ, निरोप, सगळं. शेठ आता मात्र बोलला, आणि जे बोलला ते मी लिहीत नाही, ते माझ्या हक्काचं होतं. शेठ थांबल्यावर बाने कैसभाईकडे बोट केलं आणि मला विचारलं, "मग हा माझ्याकडे हात जोडून कशाला उभा होता?"

धन्या, तिने उत्तराची वाट बघितली. खरोखर वाट बघितली, म्हाताऱ्या माणसांना घाई नसते. मी तिच्यासमोर मान खाली घालून उभा राहिलो.

कैसभाई डेकवर गेला. उपटलेली एक फळी त्याने ओढून काढली, उलटी केली, बोटाने वाजवली, नाकाजवळ नेली. खालची बाजू अजून पिवळीधमक होती. तो फळीकडे बघतच म्हणाला, "इतके दिवस मी माझ्याच मालाला वास घेऊन घेऊन बघत होतो, बाळाजीभाऊ. मला वाटलं, माझं नाक गेलं."

फळ्या मीच उपटल्या. शेठ म्हणाला, दुसऱ्याकडून काढून घेतो. मी म्हटलं, शेठ, एवढं करू द्या. एकेक खिळा काढून, सांध्यांतला कापूस ओढून बाहेर काढला. रंगूने वळलेला कापूस तो, घट्ट बसला होता. काम चांगलं झालं होतं रे. तेच तर.

आता तिथे ती भुशा-प्लास्टिकची फळी बसते आहे. पनवेलची माणसं आलीत. मी फळ्या रचत होतो आणि ते लावत होते. बघितलं, तर तेही दोन फळ्यांमध्ये फट सोडत होते, त्यासाठी छोटे चाप असतात. मी विचारलं, अरे, हे तर पाण्याने फुगत नाही ना? तो म्हणाला, "काका, उन्हाने वाढतं. काहीही असलं तरी जागा सोडावी लागते." म्हणजे तू म्हणालास अगदी तेच. लाकूड घाल नाहीतर प्लास्टिक घाल. मी महिनाभर लाकूड चांगलं की ते चांगलं यावर लोकांशी वाद घातला, अंगणात उड्या मारून दाखवल्या, आणि खरी गोष्ट तू चार शब्दांत फोनवर सांगून मोकळा झाला होतास.

शेजारच्या दोघांचं काम गेलं. मच्छीबाजारात बातमी पोचली आहे. काल तिथून जाताना कुणीतरी मागून म्हणालं, "होडीवाला ओटा." मी वळून बघितलं नाही. तुला त्याच जागी मी काय म्हटलं होतं, ते मात्र आठवलं.

तुझ्याकडे एकच मागणं आहे. हे पत्र मोहम्मदला वाचून दाखव. दोन्ही कागद. मधलं काही गाळू नकोस, मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच गाळू नकोस. त्याच्या बापाला तू जे बोललास ते परत घे, कारण ते तुझ्या तोंडी मी घातलं होतं. दिवाळीला यायचं तुझं तू ठरव. तिकीट काढलं असशील आणि यावंसं वाटत नसेल, तर येऊ नकोस. वहिनीला तेवढा फोन करत जा. ती आता माझ्याशी बोलते, पण तुझं विचारत असते.

हे पाकीट मी पोस्टाने पाठवणार नाही. आजपर्यंत गेलं तसंच वखारीतून जाईल. आणि खळ लावणार नाही. कैसभाईला उघडं देतो. तिसऱ्या पत्रात मी त्याच्याबद्दल काय लिहिलं ते या कागदांत आलं आहे. त्याला वाचावंसं वाटलं तर त्याने वाचावं.

दादा


(पाकिटाच्या मागच्या बाजूस)

धन्या, हे वखारीतल्या पेनाने लिहितोय. थप्पीवरचा खडू त्याने पुसलाय. पाकीट उघडं दिलं आणि म्हटलं, कैसभाई, वाचलंस तरी चालेल. तो म्हणाला, "भावाभावाचं आहे, मी कशाला वाचू? मागचंही वाचलं नव्हतं." खळीची बाटली काढून त्याने स्वतःच्या बोटाने पाकीट चिकटवलं. रविवारी कुणीतरी जाणार आहे, त्याच्याकडे देईल. चहावाला पोरगा किटली घेऊन दारात आला होता. कैसभाईने दोघा हमालांना चहा दिला, स्वतः घेतला. मला विचारला नाही.